पुढे उभा राहणारा

१

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान वजनमापे निरीक्षक होते. दुकानांतले तराजू तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. गोल्फची काठी त्यांनी जन्मात हाती धरली नाही. गोल्फचे मैदान पाहिले ते एकदाच, तेही बसच्या खिडकीतून. या गृहस्थांनी एकतीस वर्षे पोस्टाची तिकिटे जमवली, आणि तीही फक्त गोल्फची चित्रे असलेली.

रिकामटेकड्या श्रीमंतांनी दिवसभर चालून एक चेंडू खळग्यात घालावा, हा पोरखेळ मी समजू शकतो. त्या पोरखेळाचे चित्र कोणी तिकिटावर छापावे, हेही एक वेळ समजू शकतो, कारण घेणारे असले की काहीही छापले जाते. पण एका संसारी माणसाने ते तिकीट चिमट्याने उचलून, भिंगाखाली धरून, श्वास रोखून पाहावे, याला काय म्हणावे? ईश्वराने दिलेला वेळ मोजका असतो. तो असा घालवणाऱ्याबद्दल मला कीवही वाटत नसे. कीव करायलाही थोडा आदर लागतो.

मी स्वतः चौतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. आमच्या छापखान्यात प्रार्थनेची पुस्तके छापली जात. छापण्यापूर्वी प्रत्येक पान माझ्या टेबलावर येई आणि चुका काढल्यावरच पुढे जाई. माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांत एक काना इकडचा तिकडे झाला नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण सांगतो.

एका सकाळी बहीण माझ्याकडे आली. मी तिला चिमी म्हणतो. ती छप्पन वर्षांची आहे.

"दादा, एक काम आहे. नाही म्हणू नका."

"काम ऐकल्याशिवाय मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

"यांच्या वहीची पानं लिहायची आहेत. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळाचं. ऐंशी पानं मांडायची, प्रत्येक तिकिटाखाली शाईने माहिती लिहायची. यांचा हात थरथरतो हो आता."

"टायपिस्ट संपले का गावातले?"

"यांना हाताने लिहिलेलंच हवंय. तुमच्या अक्षराचं फार कौतुक करतात. असं अक्षर आणि अशी जीभ देवाने एकाच माणसाला कशी दिली, म्हणतात."

निरीक्षक दीड महिन्यापूर्वी स्टुलावरून पडले होते. कपाटाच्या वरच्या फळीवरून तिकिटांची वही काढताना. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. महिनाभरात काठी घेऊन चालू लागतील, असे डॉक्टर म्हणत होते. बाकी प्रकृती ठणठणीत होती.

"या प्रदर्शनापायीच तग धरलाय त्यांनी," चिमी म्हणाली. "नाहीतर असं पडून राहणारा माणूस आहे का तो?"

मी होकार दिला. बहिणीसाठी दिला. तिकिटांसाठी दिला असता तर स्वतःला माफ केले नसते.

२

त्यांच्या घरात एका ओळीत दोन खोल्या होत्या आणि मध्ये अरुंद बोळ. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल होते, तिथे मी बसे. मागच्या खोलीत निरीक्षकांचा पलंग होता. दोन्ही दारे उघडी असत, त्यामुळे आम्हाला एकमेकांचे तोंड दिसत नसले तरी खोकला ऐकू येई. पलंगापुढे जाड लवेचा हिरवागार गालिचा होता. हिरवळीसारखा दिसतो म्हणून निरीक्षकांनी तो हौसेने आणला होता. त्यावर पाऊल टाकले की लव दबून ठसा उमटे, आणि पाऊल उचलले की हळूहळू पुन्हा वर येई. मी त्यावरून कधी चाललो नाही. कडेने जात असे.

दुपारी दोन ते चार अशी वेळ ठरली. मी आल्याची चाहूल लागली की पलंगावरून आवाज येई, "आले का काना-मात्रा?"

"आलो. तुमचे राजे-महाराजे उन्हात चेंडू शोधून दमले असतील, म्हटलं सावली करावी."

ते हसत. त्यांना टोमणा लागतच नसे, आणि याचाही मला राग येई.

काम सोपे होते. पानावर चार ते सहा तिकिटे लावलेली असत. कोणत्या देशाचे, कोणत्या वर्षाचे, कागद कसला, कडेचे दाते किती, हे त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवले होते. मी ते सुबक अक्षरात उतरवायचे. पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक तिकिटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी पेन्सिलीने एक बारीक आकडा लिहिला होता. २, ३, २, ५. थोड्याच वेळात उलगडा झाला. चित्रात माणसे किती, याची ती मोजदाद होती.

माणूस वजनमापे खात्यातला. मोजल्यावाचून राहवत नसणार. मी मनात हसलो आणि सवयीने आकडे पडताळून पाहू लागलो.

पहिला चुकला होता. दुसराही. तिसराही.

एक माणूस काठी उगारून उभा होता, आकडा २. खेळणारा आणि त्याची पिशवी वाहणारा, आकडा ३. एका तिकिटावर तर माणूसच नव्हता. हिरवळ, खळगा आणि त्यात रोवलेली लाल झेंडी, बस्स. तिथे १ लिहिले होते.

मी पान उलटले. सोळा पाने तपासली. प्रत्येक आकडा एकाने जास्त होता. चूक करणारा माणूस कधी एकाने जास्त लिहितो, कधी एकाने कमी. इतक्या शिस्तीत चुकणारा मी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता.

३

"निरीक्षकसाहेब," मी बसल्या जागेवरून म्हणालो, "दुकानदारांचे तराजूही असेच तपासायचात का? दोघं उभे आहेत तिथे तुम्ही तीन लिहिलंय."

मागच्या खोलीतून उत्तर आले.

"तीनच आहेत."

"एक खेळणारा. एक पिशवीवाला. तिसरा कोण, मी?"

"इकडे या, दादा. ओरडून बोलण्यासारखं नाही ते."

मी गालिच्याच्या कडेने जाऊन खुर्चीवर बसलो. निरीक्षकांचा चेहरा नेहमी भोळसट असे. त्या दिवशी तो कामावरच्या माणसाचा होता.

"गोल्फमध्ये चेंडू फार लांब जातो," ते म्हणाले. "मारणाऱ्याला दिसत नाही कुठे पडला ते. म्हणून एक माणूस आधीच पुढे जाऊन उभा राहतो. चेंडू पडला, की त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं. बाकी काही काम नाही त्याला."

"आणि चित्रात तो कुठे आहे?"

"चौकटीबाहेर."

"मग चौकटीबाहेरची सगळी मानवजात मोजा की. कंजूषपणा कशाला?"

"सगळी मानवजात चेंडूची वाट बघत नाही, दादा."

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत.

"सुरुवातीला मीही फक्त दिसतात तेवढेच मोजायचो," ते म्हणाले. "मग लक्षात आलं. तो मोजला की तिथेच राहतो. नाही मोजला, तर..." त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली. "त्या दिवशी नवीन पान लावलं होतं. आकडे टाकायचे राहिले. संध्याकाळी टाकू म्हटलं. दुपारीच पडलो."

"स्टुलाचा पाय मोडका असेल."

"स्टूल मी तपासलं होतं. तपासणं हाच माझा धंदा होता." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "माहिती तुमच्या अक्षरात लिहा, हवी तेवढी नावं ठेवा. फक्त ते आकडे तसेच राहू द्या. राहू द्याल ना?"

मी काही बोललो नाही. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. मी तो घेऊ दिला.

४

तिसऱ्या दिवशी जलचिन्हे पाहायची होती. जुन्या तिकिटांच्या कागदात चांदणी किंवा मुकुट असे एखादे फिकट चिन्ह दडलेले असते. ते एरवी दिसत नाही. त्यासाठी निरीक्षकांकडे काळ्या काचेची छोटी बशी होती. तिकीट तीत पालथे ठेवायचे, बेंझिनचे चार थेंब टाकायचे. कागद क्षणभर पारदर्शक होतो आणि चिन्ह काळसर उठून दिसते. अर्ध्या मिनिटात बेंझिन उडून जाते, चिन्हही जाते, तिकिटाला धक्का लागत नाही. एवढा खटाटोप मुकुट पाहण्यासाठी!

खिडकी उघडी होती, टेबलावर लख्ख ऊन होते. पाच-सहा तिकिटांत चांदण्या दिसल्या, मी नोंदवल्या. मग लाल झेंडीचे तिकीट आले. चिठ्ठीवर निरीक्षकांच्या अक्षरात लिहिले होते, ‘कागद साधा, जलचिन्ह नाही.’ तरी मी ते बशीत ठेवले. दुसऱ्याने तपासलेले मी पुन्हा तपासतोच.

थेंब पडले. कागद ओला होऊन काळसर झाला, आणि त्यात एक माणूस उभा होता.

हात बाजूला सोडलेले, पाय जुळवलेले. खेळत नव्हता, चालत नव्हता. कोणाची वाट पाहणारा माणूस जसा उभा असतो तसा उभा होता. चेहरा नखाएवढाही नव्हता, त्यामुळे तो कोणीकडे पाहतो आहे हे कळणे शक्य नव्हते. तरीही मला ते कळले. मग कडेने कागद वाळू लागला, पांढरेपणा आत सरकत गेला आणि तो पायांकडून पुसला गेला. डोके सगळ्यांत शेवटी.

पुढच्या बाजूचे चित्र मागून दिसले असणार, असे मी स्वतःला समजावले. तिकीट उलटे केले. हिरवळ, खळगा, झेंडी. माणूस नव्हता.

पुन्हा थेंब टाकून पाहणे, एवढे साधे काम होते. मी बेंझिनच्या बाटलीला बूच लावले आणि कपाटात ठेवून दिली. मला भीती वाटली असे मी तेव्हा मानले नाही. मला संताप आला, असे मी ठरवले. जो एकच खरा पाहणारा आहे तो वर आहे, आणि हा मनुष्य एका अदृश्य हमालाची मोजदाद ठेवून त्याच्या दयेवर जगतो! हे नुसते खूळ नव्हते, पाप होते. आणि ते माझ्या बहिणीच्या घरात, माझ्या अक्षराशेजारी बसले होते.

उपाय माझ्या खिशात होता. रबर.

५

मी हिशेबाने सुरुवात केली. रोज सोळा पाने. ३ खोडून २ लिहायचे, २ खोडून १. जिथे माणूस नाही तिथे शून्य. प्रदर्शनात बक्षीस लागले, निरीक्षक आपल्या पायांनी चालू लागले, की त्यांना पाने दाखवायची. म्हणायचे, बघा, सगळे आकडे खरे केले आणि तुम्हाला काहीही झाले नाही. एका रबराने चूकही जाईल आणि भयही. मला ही कल्पना इतकी आवडली की तीत लबाडी आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

खोडण्याच्या पहिल्या दिवशी सोळावे पान संपता संपता मागच्या गल्लीत आवाज झाला. टप. लहान, घट्ट वस्तू उंचावरून मातीत पडावी तसा. पडलेली वस्तू एकदा तरी उडते, घरंगळते. ही पडली आणि पडूनच राहिली.

"कुठे पडला?" मागच्या खोलीतून निरीक्षकांनी विचारले.

"काय कुठे पडला?"



दुसऱ्या दिवशी आवाज परसात झाला. चिमी स्वयंपाकघरातून डोकावून आली. "झाडावरून काही पडलं की काय, म्हटलं," ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच, "पण झाड कुठे आहे इथे?"

"वरच्या मजल्यावरची पोरं असतील," मी म्हणालो.

"वरचा मजला रिकामा आहे, दादा. वर्ष झालं."

तिसऱ्या दिवशी जिन्यात. मी उठून दार उघडले. पायऱ्या स्वच्छ होत्या, ऊन आडवे पडले होते, कोणी नव्हते. मी वरून खाली पायऱ्या मोजल्या, खालून वर मोजल्या. मोजण्याने मन थाऱ्यावर येते असा माझा अनुभव होता. आले नाही. निरीक्षक त्या दिवशी जेवले नाहीत. चिमीने डॉक्टरांना बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, सगळे उत्तम आहे म्हणाले आणि गेले.

मी जायला निघालो तेव्हा निरीक्षकांनी हाक मारली. "दादा, तीन दिवस तुमच्या रबराचा आवाज येतोय. काय खोडताय?"

प्रार्थनेच्या पुस्तकांत चौतीस वर्षे एक काना चुकू न देणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे पाहून उत्तर दिले, "माझीच चूक होते आहे. ती खोडतो."

"तुमची चूक?" ते क्षीण हसले. "वाचकांना कळवायला हवं."

चौथ्या दिवशी आवाज बोळात झाला, दोन उघड्या दारांच्या मध्ये. मी मान वर केली नाही. वर केली असती तर बोळ समोरच होता.

६

पाचव्या दिवशी शेवटची सोळा पाने उरली. मी थांबू शकत होतो. थांबलो असतो तर ते खरे होते असे मान्य केल्यासारखे झाले असते, आणि ते मला जमण्यासारखे नव्हते.

चिमी औषध आणायला बाहेर गेली होती. मी भरभर खोडत गेलो. शेवटच्या पानाच्या शेवटच्या तिकिटावर फक्त एक पांढरा चेंडू होता, गवतावर पडलेला. खाली १. मी तो खोडला, रबराचा कचरा फुंकरीने उडवला आणि शून्य काढले. शून्य गोल आणि सुबक आले.

टप.

आवाज मागच्या खोलीत झाला. मऊ होता, कापडावर पडल्यासारखा.

मी वाट पाहिली. निरीक्षकांनी काही विचारले नाही.

बोळ ओलांडून मी दारात उभा राहिलो. ते उशीला टेकून बसलेले होते. डोळे उघडे होते. पलंगाच्या पायथ्याशी, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर खिळलेले. त्यांच्या डाव्या कुशीशी पांघरुणाला एक लहान, गोल खळगा पडला होता. खळग्यात काही नव्हते. मी नाव घेऊन हाक मारली नाही. मेलेल्या माणसाला ओळखायला मला वेळ लागत नाही.

मग मी खाली पाहिले. हिरव्या गालिच्यावर, पलंगाच्या अगदी जवळ, जुळवून ठेवलेल्या दोन पावलांची लव दबलेली होती. टाचा माझ्याकडे होत्या.

बराच वेळ झाला तरी ती दबलेलीच होती. मी पाहत असताना उजव्या ठशातली लव सावकाश वर येऊ लागली, जशी पाऊल उचलल्यावर येते तशी. ती पुरती वर आली, आणि तिच्या शेजारची लव खाली बसली. या वेळी टाच पलंगाकडे होती आणि बोटे माझ्याकडे.

दुसरे पाऊल कुठे पडते हे पाहायला मी थांबलो नाही.

७

पाने प्रदर्शनात लागली. चिमीचा आग्रह होता. संग्रहाला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांपैकी एक सद्गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पेन्सिलीचे आकडे मांडणीत चालत नाहीत हो, पण इथले इतके अचूक होते की आम्ही गुण कापले नाहीत. असा काटेकोर संग्राहक होणे नाही." मी आभार मानले. चिमी रडत होती, आनंदाने आणि दुःखाने एकदमच.

मी एकटा राहतो. एक खोली, एक खाट, टेबल, देवाची तसबीर. प्रदर्शनानंतर आठव्या दिवशी, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, रस्त्याच्या टोकाला आवाज झाला. दुसऱ्या दिवशी थोडा अलीकडे, गिरणीच्या दारापाशी. माझी प्रार्थना खंडित झाली नाही. शब्द बरोबर उच्चारले जात होते. मी मात्र त्यांत नव्हतो. मी अंतर मोजत होतो.

आवाज आमच्या फाटकापाशी झाला त्या दिवशी मी प्रार्थना अर्धवट सोडून उठलो, कागदाचा एक तुकडा फाडला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिले, ‘२’. तो टेबलाच्या कोपऱ्याला चिकटवला.

मग आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानेही नाही.

मी निरीक्षकांचा इतका तिरस्कार केला, आणि माझ्या हाताने त्यांच्यासारखाच आकडा लिहून त्याच अदृश्य हमालाच्या दयेवर जगू लागलो. फरक एवढाच, की ते भोळेपणाने लिहीत होते. मला ठाऊक होते.

८

आज दुपारी चिमी आली. यजमानांचे काही सामान वाटून टाकत होती; माझ्यासाठी भिंग आणले होते. टेबल आवरता आवरता तिला चिठ्ठी दिसली.

"हे काय, दादा? दोन?"

"असू दे."

"दोन काय पण? यांच्यासारखंच दिसतंय." ती हसत होती. "तुम्हालाही लागला की काय नाद?"

मी खोटे बोललो असतो तर ती हसतच घरी गेली असती. खोटे माझ्या जिभेवर तयार होते, अगदी शुद्ध. पण तिच्या हातात ते भिंग होते, आणि मला ते बोलवले नाही. मी सांगितले. सगळे सांगितले, क्रमाने, काहीही न गाळता. रोज सोळा पाने. रबर. गल्ली, परस, जिना, बोळ. त्यांनी विचारले तेव्हा मी काय उत्तर दिले ते. शेवटचे शून्य किती सुबक आले तेही.

ती उभीच होती. मी थांबल्यावर बोलली.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, राहू द्या म्हणून."

"हो."

"आणि ते हो समजले."

"मी त्यांना समजू दिलं."

"तुम्हाला ते पटत नव्हतं म्हणून खोडलंत?"

"पहिल्या दिवशी. पुढच्या दिवसांत मला पटू लागलं होतं."

ती मान हलवत राहिली, माझ्या उत्तराला नव्हे, दुसऱ्याच कशाला तरी. मग तिने टेबलावरचा माझा रबर उचलला. आमच्या घरात लहानपणी मीच तिला खोडायला शिकवले होते. कागद न फाटता, एकाच दिशेने. तिने तसेच खोडले. रबराचा कचरा हातात गोळा केला, जमिनीवर पडू दिला नाही. पेन्सिल घेतली आणि त्या जागी ‘१’ लिहिले.

"चिमे," मी म्हणालो.

"या खोलीत तुम्ही एकटेच आहात, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चूक होती. दुरुस्त केली."

भिंग टेबलावर ठेवून ती गेली. जाताना दार नीट ओढून घेतले.

याला तास होऊन गेला. तेवढ्या वेळात मी हे लिहून काढले आहे. मला ‘२’ पुन्हा लिहिता येईल. पेन्सिल तिने समोरच ठेवली आहे. पण छापखान्यात एक नियम मी कधी मोडला नाही. दुसऱ्याने रीतसर केलेली दुरुस्ती, ती आपल्या अंगावर येते म्हणून, फिरवायची नाही. तसबिरीपुढे मी उभा राहून आलो. मागितले काही नाही.

मघाशी आवाज फाटकाशी झाला. त्यानंतर जिन्यात. ऊन अजून टेबलावर आहे, अक्षर स्पष्ट दिसते आहे.

माझ्या खोलीत गालिचा नाही, उघडी फरशी आहे. तो कुठे उभा आहे ते मला दिसणार नाही.